धोट्या घरात नव्हता तेव्हा

"आली बघ गाडी," आत्ती म्हणाल्या.

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली यंत्रमागांची खटखट चालू होती आणि त्या खटखटीत आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा बुडून जायची. पण कॉटखाली धोट्याचे कान ताठ झाले होते. तो उठला, अंग झाडलं आणि नखं वाजवत दाराकडे पळाला. त्याच्यामागोमाग शर्वरी. तोंडापाशी आलेला घास तिनं हातानं उडवला, माझ्या मांडीवरून घसरली आणि दुडदुडत दारापाशी जाऊन उभी राहिली, एक हात धोट्याच्या पाठीवर. धोट्या शेपटी अशी हलवत होता की त्याचं मागचं अर्धं अंगच हलत होतं. शर्वरीसुद्धा कमरेतून तशीच हलत होती.

मग बऱ्याच वेळानं बेल वाजली. मी दार उघडलं. उमाकांत खाली वाकले आणि दोघांनी त्यांच्या अंगावर एकदमच उड्या घेतल्या.

"बघितलंस?" आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. "बापाची गाडी चौकात असतानाच हिला कळतंय. आपल्याला बेल कळंना, आन् हिला गाडी कळती. कसले कान म्हणायचे!"

"नागाचे कान आहेत माझ्या शरूला," उमाकांत म्हणाले.

"नागाला कान नसतात," मी म्हणाले.

"झाली बी.एस्सी. सुरू," असं म्हणून ते हसले. आत्तीही हसल्या. मी शर्वरीच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत असायचे.

शर्वरीला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि ती एकही शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, काऊ नाही की भू नाही. एक 'आ' तेवढा होता, लांबलचक. तोच हसताना, तोच रडताना, तोच भूक लागल्यावर.

इचलकरंजीत आमचं घर मागांच्या वर होतं. खाली मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे यंत्रमाग आणि वर आम्ही. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, की या आवाजात माणसं विचार तरी कसा करतात! नंतर सवय झाली. या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. मामांचा सगळा जन्म मागांवर गेलेला, त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. ते तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलायचे. मागांवरची माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात, कारण तिथं शब्द पोचतच नाही. चहा पाहिजे असला की मामा अंगठा तोंडाकडे न्यायचे, वीज गेली की मूठ उघडून दाखवायचे. शर्वरीला बोलवायचं तर दोन बोटं हलवायचे. ती जिथं असेल तिथून धावायची.

"आजोबाचं ऐकती बघ कशी," आत्ती म्हणायच्या.

धोट्याचं नावही मामांनीच ठेवलेलं. धोटा म्हणजे मागातला तो टोकदार लाकडी तुकडा, जो सुताला घेऊन इकडून तिकडे धावत असतो. हा कुत्रा पिल्लू असताना स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर असाच धावायचा. पुढं तो मोठा झाला, पण दाराचं वेड काही गेलं नाही. कुणीही जिन्याची पहिली पायरी चढलं की हा दारात. घरचं माणूस असलं तर कूं कूं करत अंग वळवायचा, ओळखीचं असलं तर दोनदा भुंकायचा. वीजबिलवाला आला की मात्र दार फोडून बाहेर जातोय की काय असं वाटायचं.

"याला एवढं काय होतं हो मामा, दाराशी कुणी आलं की?" मी एकदा मोठ्यानं विचारलं होतं.

"काम करतंय ते," मामा म्हणाले. "बिलवाला येतो, हे भुंकतंय, बिलवाला जातो. ह्याला वाटतंय, आपणच हाकलला. महिन्याच्या महिन्याला लढाई जिंकतंय बिचारं."

"आन् तुम्ही बापलेक बिल भरताय," आत्ती म्हणाल्या.

खरं तर त्या घराला धोट्याची गरजच होती. एवढ्या खटखटीत बेल कुणालाच धड ऐकू यायची नाही. धोट्या उठला की आम्ही दाराकडे बघायचो.

मला तो सुरुवातीला नको होता. तान्ह्या बाळाच्या घरात कुत्रा म्हणजे मला नुसते जंतू दिसायचे. मी चमचे उकळायचे, दुपटी उकळायचे. शर्वरीची टाळू भरत नाहीये असं मला वाटलं, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डोळा तिरळा वाटला, पुन्हा डॉक्टर. पाय वाकडे वाटले तेव्हा उमाकांत कंटाळून माझ्याबरोबर आले नव्हते. त्यातलं काहीच खरं निघालं नव्हतं. त्यामुळे एका संध्याकाळी भाजी निवडताना मी जेव्हा म्हणाले, "आत्ती, हिला ऐकू येत नसेल तर?", तेव्हा माझ्याच घरात माझी पत काही उरलेली नव्हती.

आत्तींनी हातातली जुडी खाली ठेवली.

"जिभेला काय हाड हाय का तुझ्या? तिन्हीसांजेला काय बोलावं, काय बोलू नये!"

"पण बोलत नाही ना ती."

"उमा तीन वर्षांचा होऊन बोलला. आता गप बसतोय का? आगं, चौकातली गाडी वळखणारं लेकरू हाय ते. रात्री माग थांबले की दचकून उठती. ऐकू येत नसतं, तर माग थांबल्यालं कळलं असतं का तिला?"

हे खरं होतं. इचलकरंजीची पोरं मागांच्या आवाजात झोपतात आणि माग थांबले की उठतात, असं सगळेच सांगायचे. शर्वरी तशीच उठायची. 

उमाकांतना सांगितलं तर ते म्हणाले, "टाळू झाली, डोळे झाले, पाय झाले. आता कान. नाक राहिलंय बघ."

तरी मी तिला गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्ती बरोबर आल्याच. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं, मग विचारलं, "दाराची बेल वाजली की बघते का?"

"बघते?" आत्ती म्हणाल्या. "बेल वाजायच्या आधी दारात असती! सगळ्यांच्या आधी. इचारा हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बघत तर मी रोजच होते.

"मग कान चांगले आहेत. बोलेल. काही मुलं उशिरा बोलतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परत येताना आत्तींनी गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर थांबून हे सांगितलं. माझा जीव हलका व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धोट्याला अपघात झाला. सुताचा टेम्पो रिव्हर्समध्ये मागं येत होता आणि धोट्या त्याच्यावर भुंकायच्या नादात चाकाजवळ गेला. पुढचा पंजा सापडला. मामांनी त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पट्टी बांधली आणि जखम चिघळू नये म्हणून काही दिवस ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी शर्वरी दोनदा कॉटखाली वाकून बघून आली. मग कॉटवर चढून मामांनी आणून दिलेल्या, सूत संपलेल्या रिकाम्या लाकडी कांड्या एकीवर एक रचत बसली. दाराकडे पाठ होती.

मी कणीक मळत होते. बेल वाजली असावी असं वाटलं. खटखटीत नक्की कळेना. मी मळायची थांबले. पुन्हा वाजली. हो, बेलच होती.

शर्वरीनं एक कांडी उचलून दुसरीवर ठेवली.

बेल पुन्हा वाजली. या वेळी लांब, वैतागलेली. मी पिठाचे हात तसेच धरून तिच्याकडे बघत होते. तिच्या मानेवरचे केस, कानाची पाळी, त्यातली बारीकशी बाळी. काहीही हललं नाही.

"आगं उघड की!" आत्ती आतून ओरडल्या.

मी दार उघडलं. उमाकांत वैतागून आत आले. "किती वेळ? झोपला होता काय सगळे?" मग त्यांचं लक्ष कॉटकडे गेलं. "काय शरूबाई, आज रुसलात होय? बाबा आला, तरी पाठ?"

ते पुढं गेले, तिच्यासमोर आले. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा कुणीतरी एकदम जादूनं प्रकट झाल्यावर उजळावा. 'आ' करत तिनं हात वर केले.

"अहो," मी म्हणाले, "तिला बेल ऐकू आली नाही."

"खेळण्यात होती."

"तुमची गाडी पण ऐकू आली नाही."

"एवढ्या खटखटीत मलाच माझी गाडी ऐकू येत नाही," उमाकांत म्हणाले. "तिला कशी येणार?"

"कालपर्यंत यायची ना?"

 आत्ती पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे.

"कुत्र्याच्या काळजीनं लेकरू दमलंय," त्या म्हणाल्या. "तिला काय कळत न्हाई व्हय? आन् तू उगा तिच्यात खोट काढत बसू नको."

"खोट काढत नाही, आत्ती. उद्या वीज बंद आहे. माग बंद असतील. उद्या शांत असेल. उद्या बघू."

"काय बघायचंय?" उमाकांत म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पोरीची परीक्षा घ्यायची? तू ना, तिच्याकडे आई बघते तशी बघतच नाहीस. डॉक्टर बघतो तसं बघतेस."

"एकदाच," मी म्हणाले. "चूक निघाले तर पुन्हा कधी नाव काढणार नाही. कसलंच."

आठवड्यातून एकदा वीज बंद असायची त्या दिवशी आमचं घर कुणा दुसऱ्याचंच वाटायचं. फरशी रोज पायाखाली बारीक थरथरायची. त्या दिवशी ती मेल्यासारखी गार आणि स्थिर असायची. सकाळी मी अनवाणी उभी होते आणि मला एकदम कळलं, की रात्री माग थांबल्यावर शर्वरी कशानं उठत असेल. पण नुसत्या माझ्या बोलण्यानं काही होणार नव्हतं.

दुपारची जेवणं झाल्यावर मी तिला कॉटवर गादीच्या मधोमध बसवलं, दाराकडे पाठ करून, आणि कांड्यांची टोपली पुढं ठेवली. मामा खिडकीपाशी बसले होते. आत्ती भिंतीला टेकून उभ्या होत्या. हा सगळा तमाशा आपल्याला मान्य नाही, हे त्यांच्या उभं राहण्यातच होतं.

"मी बाहेर जातो, कडी वाजवतो," उमाकांत म्हणाले. वीज नसल्यानं बेल नव्हती. "ती वळली की हा विषय संपला. कायमचा."

"संपला," मी म्हणाले.

त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आमच्या दाराची कडी जुनी होती, लोखंडी, जाड. ती वाजली. त्या शांततेत मी स्वतः दचकले, माहीत असून. आत्ती दचकल्या. खालच्या गल्लीतून कुणीतरी वर बघितलं असेल इतका मोठा आवाज.

शर्वरीनं टोपलीतून एक कांडी काढली.

"शरूबाई!" बाहेरून उमाकांतचा आवाज आला, खेळातला, लाडातला. "दार उघडा! कोण आलंय? बाबा आलाय बाबा!"

तिनं ती कांडी उभी केली.

"शरू! ए शरे! भूर जायचं का? गाडीवर भूर?"

पुन्हा कडी. तीन-चार वेळा, जोरात. दुसरी कांडी पहिलीवर ठेवताना ती जरा डळमळली. शर्वरीनं श्वास धरून हात अलगद मागं घेतला.

"शरू, अगं बघ की, बाबा..." आत्ती पुढं झाल्या. त्यांचा हात तिच्या खांद्याकडे निघाला होता. मी तो मनगटापाशी धरला. सासूचा हात असा मी कधी धरला नव्हता.

"हात लावू नका, आत्ती."

त्यांनी सोडवून घेतला नाही. 

बाहेर आवाज बदलला. आता त्यात लाड नव्हता. "शर्वरी!" उमाकांत ओरडत होते. "शर्वरी! इकडे बघ! शर्वरी!" आणि कडी, कडी, कडी. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" उमाकांत कडी वाजवत राहिले.

माझं लक्ष मामांकडे गेलं. ते आमच्या तोंडांकडे बघत होते. मग त्यांनी आत्तींकडे बघून हात उचलला, पालथा पंजा हवेत आपटल्यासारखा केला आणि भुवया वर केल्या. वाजतंय का अजून?

आत्तींनी मान हलवली. वाजतंय.

मामा वळून नातीकडे बघायला लागले. खोलीत आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या दोघांपर्यंत ती कडी पोचत नव्हती. हे त्यांना कोणत्या क्षणी कळलं, ते मी बघितलं. त्यांचा हात अजून हवेत होता. तो त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला.

तिसरी कांडी नीट बसली. शर्वरीनं आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि कुणी बघितलं का म्हणून मान वळवून आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. कुणी हसेना, म्हणून ती जराशी गोंधळली.

मी जाऊन दार उघडलं.

उमाकांतचा हात कडीवरच होता. दार उघडलं तशी त्यांची नजर आधी खाली गेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जिथं ती रोज उभी असायची तिथं. चेहऱ्यावर हसू तयार होतं. तिथं कुणीच नव्हतं. मग ती नजर वर माझ्यापर्यंत आली. ती वर यायला किती वेळ लागला!

"वाजवू नका आता," मी म्हणाले.

मी बरोबर ठरले होते. पहिल्यांदाच. चूक निघण्यासाठी मी तेव्हा काहीही दिलं असतं.

पुढं मिरजेला तपासण्या झाल्या, यंत्रं आली, शिकवणाऱ्या बाई आल्या. पहिला शब्द येण्याआधी दोन वर्षं गेली. आता शर्वरी दुसरीत आहे. थोडं ऐकते, थोडं ओठांवरून उचलते आणि उरलेलं हातांनी भांडून मिळवते. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतल्यावर म्हटलं, की हिला ऐकू येत नाही हे तुम्हाला कळलं नाही, याचं नवल नाही. ती तुमच्या कुत्र्याचे कान वापरत होती. तो उठला की ती उठायची. तो जसा हलेल, तसं कोण आलंय ते तिला कळायचं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी उमाकांत आत आले, चपला न काढताच फिरून कॉटच्या पलीकडे गेले आणि तिच्या समोर, तिला दिसतील असे, खाली फरशीवर बसले. तिनं त्यांना बघितलं. तोच उजळलेला चेहरा. तिनं त्यांना एक कांडी दिली. त्यांनी ती घेतली आणि तिच्या कांड्यांवर चौथी ठेवायला गेले. ती तिरकी बसली आणि सगळा ढीग कोसळला. शर्वरी खदखदून हसली. त्यांनी तोंड गादीत खुपसलं.

आत्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "गल्लीभर सांगत फिरले मी," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "दारोदार सांगितलं, माझ्या नातीचे कान, माझ्या नातीचे कान." मी जाऊन त्यांच्याजवळ बसले.  त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. 

मामा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

आत्तींनी हात हलवून विचारलं, कुठं निघाला?

"धोट्याला आणतो," मामा मोठ्यानं म्हणाले. ते नेहमीच मोठ्यानं बोलायचे, पण त्या दिवशी माग बंद होते आणि त्यांचा आवाज सगळ्या घरात भरून राहिला.

"अजून जखम ओली हाय," आत्ती त्यांना दिसेल असं तोंड मोठं करून म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालाय, चार दिस तिथंच ऱ्हाऊ दे."

"उचलून आणतो," मामा म्हणाले. त्यांनी दार उघडलं. "इथं पट्ट्या बदलू. पोरीला दार कळाय नको?"